आक्कांचा आवाज बसला त्या दिवशी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी एकदा सुरू केलं की मधे थांबणार नाही. स्वतःची एवढी मोठी फजिती माणूस स्वतःच्या तोंडानं सांगायला बसलाय, तर त्याला निदान सलग तरी सांगू द्यावी. चहा आला का सगळ्यांचा? मग ऐका.

माझं शिवाजी पेठेत फ्लेक्स छपाईचं दुकान. वाढदिवस, निवड, नियुक्ती, फुटबॉलचा सामना जिंकला, सामना हरला पण पोरं चांगली खेळली… कोल्हापुरात कशाचाही फ्लेक्स लागतो. आमच्या गल्लीत एकाचं अपेंडिक्स काढलं, तर मित्रमंडळानं 'यशस्वी शस्त्रक्रियेबद्दल हार्दिक अभिनंदन' असा दहा बाय आठचा लावला. फोटोत पेशंट गॉगल घालून. मीच छापला होता.

तर अशी वर्षानुवर्षं लोकांची तोंडं मोठी करता करता माझ्या डोक्यात शिरलं, की आपण नुसते छपाईवाले नाही. आपण प्रसिद्धीतले माणूस! लगेच कार्ड छापलं. दुकान घरचंच. 'राजाराम, प्रसिद्धीप्रमुख, कलाकार विभाग.' विभाग तयार झाला. आता फक्त कलाकार पाहिजे होता.

मग शेवंताक्का मिळाल्या.

शेवंताक्का कागलच्या. वय साठीच्या आसपास, आणि आवाज असा की मांडवात माईक ठेवला तर माईकवाल्यालाच लाज वाटावी. चाळीस वर्षं त्या लोकांच्या हळदीला गाताहेत. कुणीतरी मोबाईलवर त्यांचं एक हळदीचं गाणं रेकॉर्ड केलं आणि ते या फोनवरून त्या फोनवर करत सगळ्या जिल्ह्यात पसरलं. मी कागलला जाऊन त्यांच्यासमोर कार्ड ठेवलं. आक्कांनी ते लांब धरून वाचलं.

"म्हंजे तू काय करणार?"

"तुमचं नाव मोठं करणार आक्का."

"कर की मग," आक्का म्हणाल्या. "मांडवाच्या दारात मांडववाल्याचा बोर्ड आसतोय, आचाऱ्याचा आसतोय. माझं नाव कवा कुठं लागलं न्हाई. एकदा कुणीतरी स्टेजवरनं नाव घेऊन बोलवू दे. तेवढं केलंस तर लई झालं."

आणि काय योग बघा, सहाच महिन्यांत एका सांस्कृतिक मंडळाच्या 'कंठरत्न' पुरस्कारासाठी आक्कांचं नाव निघालं! अंतिम यादीत दोनच नावं. एक आमच्या आक्का आणि दुसऱ्या आजऱ्याच्या वृंदाताई. वृंदाताई म्हणजे भावगीतवाल्या. मान तिरकी करून, डोळे मिटून गाणार. आक्का त्यांच्याबद्दल एवढंच म्हणायच्या, "बाई चांगली हाय. गात न्हाई तवा."

दोघींपैकी कोण, हे कार्यक्रमातच जाहीर होणार होतं. त्याआधी आक्का एक गाणंही म्हणणार होत्या. मी जय्यत तयारीत. आणि त्याच दिवशी सकाळी आक्कांच्या भाच्याचा फोन.

"राजूदादा, आक्काचा आवाज बसला."

"बसला म्हणजे?"

"म्हंजे पार बसला. काल सांच्याला भडंग खाताना ठसका लागला. तवापास्नं श्वास येतोय, शब्द येत न्हाई. डॉक्टर म्हणलं, आठ दिवस तोंड उघडायचं न्हाई."

दुसरा कुणी असता तर हात-पाय गाळून बसला असता. पण मी पडलो प्रसिद्धीप्रमुख! माझ्या डोक्यात दिवा पेटला. अरे, कंठरत्न पुरस्काराच्या दिवशीच कंठ गेला! यापेक्षा हृदयद्रावक काय असणार? सहानुभूतीची लाट आणली, तर परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणि पुरस्कार आपल्या हातात. भाच्याला म्हटलं, आक्कांचा आणि तुझा फोन दिवसभर बंद ठेवा. जे काय जाईल ते माझ्याकडूनच जाईल. प्रसिद्धीचा पहिला नियम आहे तो. कुठं लिहिलेला नाही, पण आहे.

आणि बसलो पोस्ट करायला.

आक्कांचा फोटो शोधला. सगळ्या फोटोंत तोंड उघडं. आवाज गेलेल्या बाईचा उघड्या तोंडाचा फोटो कसा टाकणार? एकच फोटो शांत होता, कुठल्यातरी ओळखपत्राचा. त्यात साडी भडक लाल, ती पोस्टच्या रंगाला मारत होती, म्हणून फोटो काळा-पांढरा केला. एकदम भारदस्त दिसायला लागला! शेजारी एक समई ठेवली. कला म्हटलं की समई आलीच. कडेनं फुलांची चौकट. आणि वर मजकूर:

'काळीज हेलावणारी बातमी! कागलच्या कोकिळेचा आवाज काही दिवसांसाठी थांबला. आज संध्याकाळी सात वाजता सर्व चाहत्यांनी हॉलवर यावे.' खाली माझं नाव आणि फोन नंबर.

सगळं झकास. फक्त ते 'काही दिवसांसाठी' ओळीत मावेना. अक्षर बारीक केलं तर ओळ मरतुकडी दिसायची. खालच्या ओळीत घेतलं तर समईला धडकायचं. मी बराच वेळ ओढाताण केली. शेवटी म्हटलं, कशाला पाहिजे? लोकांना कळतंय की! काढून टाकलं.

हसू नका. आधीच सांगितलंय.

पोस्ट टाकली आणि काय वर्णावं! पाच मिनिटांत फोन गरम. माझ्या आयुष्यात कुठल्या पोस्टला एवढा प्रतिसाद आला नव्हता. जो तो हात जोडतोय. म्हटलं, केवढा हा आदर! शेकड्यानं 'ॐ शांती' आले. मला तर भरून आलं. डॉक्टरनी शांतीच तर सांगितलेली, आणि लोकांना न सांगता कळलंसुद्धा! बाकीचं वाचायला वेळच नव्हता. मी आकडे बघत होतो. प्रसिद्धीतला माणूस आकडे बघतो, मजकूर बघत नाही.

तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांचा, जोगळेकर सरांचा फोन. सर निवृत्त प्राध्यापक. अत्यंत सभ्य. इतके सभ्य की कुठलीही वाईट गोष्ट तिच्या नावानं कधी बोलणार नाहीत. दुकानाला आग लागली तर म्हणतील, 'आपल्याकडे थोडी ऊब वाढली आहे.'

"राजाराम, हे खरं आहे?"

"व्हय सर. खरंच हाय."

"अरेरे. केव्हा झालं?"

"काल संध्याकाळी. भडंग खाताना ठसका लागला आणि एकदम गप्पच झाल्या."

"फार त्रास झाला का त्यांना?"

"न्हाई हो. दोन मिनिटांत खेळ खलास."

"डॉक्टर?"

"आलते की. घशात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणले, आता काय इलाज न्हाई, शांत पडू द्या."

सरांनी सुस्कारा सोडला. मग हळूच म्हणाले, "मग पुढचं… कसं ठरवलंय?"

"पुढचं काय सर, चार वाजता गाडीत घालतो आणि हॉलवर आणतो."

"हॉलवर?"

"मग? एवढी माणसं येणार, त्यास्नी दर्शन नको व्हय?"

"बरोबर आहे, बरोबर आहे," सर गडबडीनं म्हणाले. "आम्ही पहिल्या रांगेजवळ व्यवस्था करतो. टेबल पुरेल?"

"टेबल कशाला सर? सोफा ठेवा. बसायला बरा."

"बसायला? तुम्ही त्यांना… बसवून आणणार?"

"मग काय झोपवून आणू?"

सरांनी फोनवर पाणी प्यायलेलं मला ऐकू आलं. "घरच्यांची काही हरकत नाही ना?"

"घरचे तर म्हणतात, एकदाच्या बाहेर न्या. कालपास्नं घरात गप्प बसून नुसत्या बघालेत सगळ्यांकडं. पोरं भ्यालेत."

"हॉलचा एसी पूर्ण वाढवायला सांगतो," सर म्हणाले.

"एसी अजिबात नको! गारठा सोसत न्हाई त्यास्नी!"

"राजाराम," सर फार मायेनं म्हणाले, "धीर धर हं बाळा. एकटा राहू नकोस आज."

मला वाटलं, काय देवमाणूस आहे! पुरस्काराच्या गडबडीत माझी काळजी करतोय.

लगेच दुसरा फोन. आमच्या भागातले माजी नगरसेवक, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. पुरस्कार त्यांच्याच हस्ते होता.

"राज्या, परस्पर पोस्ट टाकलीस व्हय? आसली बातमी पयली आमच्या नावानं जायला पायजे. बरं, गाडीची सोय काय?"

"मित्राची चारचाकी हाय भाऊ."

"आरं चारचाकी कसली! मी उघडी गाडी देतो, फुलांनी सजवून. कागल ते कोल्हापूर, सगळ्या हायवेनं लोक बघतील."

"उघडी नको भाऊ. वारं लागंल त्यास्नी."

भाऊंनी घसा खाकरला. मग म्हणाले, "राज्या, तू कायतरी खाऊन घे बघू आधी."

सांगा बरं, आता या दोन माणसांना मी वेडा वाटलो आणि मला ती दोघं प्रेमळ वाटली, यात चूक कुणाची? माझीच. मी कुठं नाही म्हणतोय?

चार वाजता कागलला पोचलो. आक्का तयार होऊन बसलेल्या. हिरवीगार नऊवारी, नाकात नथ, आणि गळ्यापासून पार नाकापर्यंत मफलर गुंडाळलेला. भाचा घर सांभाळायला थांबला होता. आक्कांच्या हातात शाळेची वही आणि पेन्सिल. बोलायचं नाही म्हणून लिहायचं. मी त्यांना सांगितलं, "आक्का, सगळं कोल्हापूर तुमच्यासाठी रडतंय!" आक्कांनी वहीत लिहिलं, 'का?'

"आवाज गेला म्हणून!"

आक्कांनी हात कपाळाला लावला. पण गालातल्या गालात खूश झाल्या होत्या, मफलरमागूनही कळत होतं ते.

वाटेत माझ्या फोनची बॅटरी संपली. एवढे फोन आल्यावर काय होणार? त्यात हायवेला उसाची ट्रॉली उलटलेली, दोन तास गाडी जागची हलली नाही. पोचायला सात वाजून गेले. पुढच्या फाटकाशी तोबा गर्दी, म्हणून मागच्या दारानं आत घुसलो. बघतो तर सगळा हॉल पांढऱ्या कपड्यांत! पांढरी साडी, पांढरा शर्ट, पांढरी टोपी. मला भारी वाटलं. हल्ली मोठ्या कार्यक्रमांना ड्रेसकोड असतो, ऐकून होतो.

"आक्का, नशीब बघा," मी कुजबुजलो, "एवढ्या पांढऱ्यात तुमची हिरवी साडी कशी उठून दिसणार!"

पुढं पहिल्या रांगेपाशी सोफा होता. त्यावर पांढरी चादर, वर झेंडूची फुलं. मी म्हटलं, वा! पण लगेच तिथं जायचं नाही. माझी योजना वेगळी होती. आक्कांनी शेवटच्या रांगेत बसायचं, मफलर तसाच ठेवायचा. नाव पुकारलं की उठायचं आणि सगळ्या हॉलमधून चालत स्टेजवर जायचं. लोक माना वळवून बघणार. आता मला सांगा, अशी एन्ट्री कोल्हापुरात कुणी घेतली होती का?

आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. आक्कांच्या पलीकडं एक बाई पदर डोळ्याला लावून बसलेली. तेवढ्यात हॉलमधले दिवे मंद झाले आणि जोगळेकर सर माईकवर आले.

"कार्यक्रम सुरू करण्यापूर्वी सर्वांनी उभे राहून दोन मिनिटे स्तब्धता पाळावी, अशी विनंती करतो."

आम्ही उभे राहिलो. आक्कांनी वही पुढं केली. 'कोण गेलं?'

मला तरी कुठं ठाऊक? मी आक्कांच्या पलीकडच्या त्या बाईंना हळूच विचारलं, "मावशी, कोण गेलं ओ?"

बाईंनी हुंदका दिला. "कागलच्या शेवंताक्का! माझ्या तिन्ही लेकींच्या हळदीला गायल्यात हो त्या!"

मित्रांनो, विजेचा खांब पकडलाय का कधी? मी पकडलेला नाही. पण काय होत असेल ते मला माहीत आहे.

एका सेकंदात सगळं डोळ्यांपुढून गेलं. काळा-पांढरा फोटो. समई. फुलं. 'आवाज थांबला'. ॐ शांती. झोपवून आणू. एसी. आणि आक्का वहीवर पेन्सिल आपटताहेत. 'कोण?'

त्या हुंदक्याच्या गडबडीत, नशिबानं, आक्कांना नाव ऐकू गेलं नव्हतं.

"कुणीतरी… थोर कलाकार होत्या म्हणे," मी म्हटलं.

आक्कांना वाईट वाटलं. त्यांनी वही काखेत धरली, हात जोडले, डोळे मिटले आणि मनापासून प्रार्थना केली. स्वतःच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून एवढ्या श्रद्धेनं उभं राहिलेलं माणूस मी अजून दुसरं बघितलेलं नाही. वर त्या रडणाऱ्या बाईंच्या पाठीवरून हातही फिरवला!

दोन मिनिटं संपली. आक्कांनी डोळे उघडले. आणि स्टेजवरच्या मोठ्या पडद्यावर फोटो आला. बारा फूट उंच. समईसकट.

आक्का बघतच राहिल्या. मग खाली बसल्या. वही उघडली. एकच अक्षर लिहिलं.

'मी?'

मी मान हलवली. काय करणार?

"आक्का, मी आत्ता जाऊन सांगतो," असं म्हणत उठलो, तर स्टेजवर भाऊ बोलायला उभे. "शेवंताक्का आणि माझे घरचे संबंध होते! कालच दुपारी त्यांचा मला शेवटचा फोन आला. म्हणाल्या, भाऊ, कोल्हापूरची कला आता तुमच्या हातात देऊन चालले. मी म्हटलं, आक्का, असं बोलू नका!"

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. वहीत लिहिलं, 'हा कोण?'

त्यानंतर वृंदाताई. शुभ्र साडी, हातात रुमाल. माईक धरून त्यांनी जो टाहो फोडला! "शेवंताक्का माझी थोरली बहीण होती! माझी गुरू होती! माझ्या गळ्यात जे काही आहे ते त्यांच्या पायाची धूळ आहे! हा पुरस्कार मला मिळाला असता, तरी मी तो आक्कांच्याच चरणी ठेवला असता! त्यांच्यापुढं मी कोण?"

मी पुन्हा उठायला लागलो. आक्कांनी माझं मनगट पकडलं. जात्याच्या खुंट्यावर वाढलेला हात तो, हलता येईना. दुसऱ्या हातानं लिहिलं, 'थांब. बोलू दे तिला.'

अशी शांतपणे बसून ऐकत होती हो बाई! चाळीस वर्षांत कुणी चांगलं बोललं नव्हतं, आता बोलताहेत तर कशाला अडवा, असा सरळ हिशेब. मी मात्र घामानं चिंब. एसी त्यांनी पूर्ण वाढवला होता, तरीसुद्धा.

शेवटी जोगळेकर सर पाकीट घेऊन आले. "परीक्षकांचा मूळ निर्णय काही वेगळा होता," सर म्हणाले आणि वृंदाताईंनी डोळ्यांवरचा रुमाल जरा बाजूला केला. "परंतु बदललेल्या दुःखद परिस्थितीत, सर्वानुमते, यंदाचा कंठरत्न पुरस्कार शेवंताक्का यांना… मरणोत्तर! त्यांचं पार्थिव वाटेत असल्याचं कळतं. तोवर कुटुंबीयांपैकी कुणी आले असतील, तर त्यांनी स्वीकारावा."

लोक इकडं-तिकडं बघायला लागले. आणि शेवटच्या रांगेतून हिरवी साडी उठली.

मी योजलेली एन्ट्री मिळाली बघा! सगळा हॉल माना वळवून बघत होता. एवढ्या पांढऱ्यात एकच हिरवी साडी, नाकापर्यंत मफलर, काखेत वही. आक्का सरळ चालत गेल्या आणि स्टेजवर चढल्या. भाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धरा मावशी. आक्कांच्या कोण आपण?"

आक्कांनी उत्तर दिलं नाही. आधी मानचिन्ह घेतलं. काखेत वहीशेजारी घट्ट दाबलं. पुरस्काराची शाल पांघरली, खांद्यावर नीट सारखी केली. आणि मग, सगळं ताब्यात आल्यावर, सावकाश मफलर खाली ओढला.

भाऊ दोन पावलं मागं सरकले आणि थेट स्टेजवरच्या समईत. वृंदाताईंनी किंकाळी मारली. जाणकार सांगतात, वरचा षड्ज त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच इतका शुद्ध लागला. पहिल्या रांगेतली तीन माणसं खुर्च्यांवर चढली. शेवटच्या रांगेतली ती बाई मात्र ओरडली, "आक्का! आगं मघाशी तूच माझी पाठ चोळलीस की गं!"

आता कुणालाही वाटेल, माणूस जिवंत निघाला, आनंद होईल. छे हो! मंडळ आहे ते. स्टेजवरच कार्यकारिणीची तातडीची बैठक भरली. डोकी एकत्र, कुजबुज. मग जोगळेकर सर घाम पुसत माईकवर आले.

"मंडळाला अत्यंत आनंद होत आहे. मात्र… एक तांत्रिक अडचण आहे. पुरस्कार मरणोत्तर जाहीर झालेला आहे. आक्का हयात असल्याची समितीला पूर्वकल्पना नव्हती. तेव्हा नियमानुसार मानचिन्ह तूर्त मंडळाकडे जमा—"

आक्का माईकपाशी गेल्या. डॉक्टरांनी आठ दिवस तोंड उघडू नका म्हणून सांगितलेलं. आक्कांनी उघडलं. आवाज असा आला, जसं कुणी पत्र्यावरून खाट ओढतंय.

"मग काय, मी आता मरू व्हय?"

टाळ्या! शिट्ट्या! पांढऱ्या टोप्या हवेत! आक्का वृंदाताईंकडं वळल्या. "तुला पायजे व्हय गं? चरणावर ठेवणार म्हणालीस. हे बघ चरण."

वृंदाताई भरल्या हॉलसमोर धूळ झालेल्या. त्यांनी हसऱ्या तोंडानं आक्कांना हार घातला. एका हातातला रुमाल अजून ओलाच होता. आणि जोगळेकर सरांनी नाव घेऊन, आता 'मरणोत्तर' हा शब्द गाळून, पुरस्कार पुन्हा जाहीर केला. आक्का मानचिन्ह छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. खरं सांगतो, माझ्याही.

मला वाटलं, सुटलो. शेवट गोड झाला. मी हळूच मागच्या दाराकडं सरकायला लागलो.

तेवढ्यात भाऊ गरजले. त्यांच्या धोतराला समईतलं तेल लागलं होतं. "ही बातमी सोडली कुणी? आं? प्रसिद्धीप्रमुख कुठाय?"

आक्कांनी बोटानं दाखवलं. सरळ माझ्याकडं. आयुष्यात पहिल्यांदाच एवढी माणसं मला बघत होती, तीसुद्धा फ्लेक्सशिवाय. मला धरून स्टेजवर नेलं. जोगळेकर सर म्हणाले, "राजाराम, आपण खुलासा करावा." आणि माईक माझ्या हातात.

मला सगळं सांगायचं होतं हो. ओळ मावली नाही, समई मधे आली, फोनवर कसा घोटाळा झाला, सगळं. पण समोर हजार डोळे आणि शेजारी तेलानं निथळणारे भाऊ. मी हात जोडले आणि जे तोंडात आलं ते बोलून टाकलं.

"शेवंताक्का जिवंत आहेत. याबद्दल मी मंडळाची, भाऊंची, वृंदाताईंची आणि तमाम कोल्हापूरकरांची मनापासून माफी मागतो. असं पुन्हा होणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडला. पहिल्या पानावर बातमी. 'गायिका जिवंत, प्रसिद्धीप्रमुखांनी मागितली जाहीर माफी.' शेजारी माझा हात जोडलेला फोटो.

मी पेपर घडी करतोय न करतोय, तोच फोन वाजला. आक्का. आवाज अजून खरखरीतच.

"राजू, पेपर वाचला रं. मी जगलो तर तुला एवढं वाईट वाटलं व्हय?"